पडदे कोण ओढतं? वर्गातल्या उजेडाच्या कामाच्या नोंदी

१८ जून

पहिली व्हिजिट. सहा वर्गांची बैठी शाळा. मागणी अगदी साधी, "वर्गात अंधार आहे, खिडक्या मोठ्या करून द्या." मी साडेदहाला पोचलो, बाहेर ढगाळ पण चांगलं लख्ख होतं, आणि सहाच्या सहा वर्गांत पडदे ओढलेले, ट्यूब चालू. म्हणजे खिडकी आहे, बाहेर उजेड आहे, पण मधे कापड आहे. आता अशा ठिकाणी खिडकी मोठी केली तर काय होणार, पडद्याचं कापड जास्त लागणार एवढंच.

एका वर्गात विचारलं पडदे का बंद. बाई म्हणाल्या, "ऊन येतं ना फळ्यावर." मी बाहेर बघितलं. खिडक्या दक्षिणेला, साइटचा अक्षांश साधारण २० अंश उत्तर, आणि तारीख १८ जून. या दिवसांत सूर्य इथे दिवसभर उत्तरेकडेच असतो, भर दुपारीसुद्धा डोक्याच्या किंचित उत्तरेला, म्हणजे या खिडक्यांतून ऊन येणं शक्यच नाही. बाईंना तसं म्हटलं नाही, पहिल्याच दिवशी शहाणपणा कशाला शिकवा. वहीत लिहून ठेवलं: पडदे कधी ओढले ते शोधणे.

वर्ग ८ बाय ६ मीटर, उंची ३.२. खिडक्या दोन, सिल (खिडकीचा खालचा काठ) ०.९ वर, उंची १.२, वर ०.६ मीटरचा छज्जा. मुलं पश्चिमेकडे तोंड करून बसतात, खिडकी डाव्या हाताला. हे मात्र जुन्या माणसांनी बरोबर केलंय, उजव्या हाताने लिहिणाऱ्याच्या हाताची सावली वहीवर पडत नाही. (डावखुऱ्यांनी काय करायचं हे तेव्हाही कोणी विचारलं नव्हतं आणि अजूनही फारसं कोणी विचारत नाही.)

२० जून

आज मस्त एकसारखं ढगाळ आभाळ, मोजणीला असंच लागतं. पडदे उघडले, ट्यूब बंद, लक्समीटर (उजेड लक्स या एककात मोजणारं यंत्र) बाकाच्या उंचीवर. एक माणूस बाहेर मोकळ्यावर मीटर धरून उभा, एक आत, आणि फोनवर "आता घे" म्हणत एकाच वेळी रीडिंग, कारण ढग सरकले की बाहेरचा आकडा मिनिटात बदलतो.

बाहेर १२,००० लक्स. आत खिडकीलगतच्या ओळीत २१०, मधल्या ओळीत ६०, कॉरिडॉरकडच्या ओळीत २२. टक्क्यात काढलं तर १.७५, ०.५ आणि ०.१८. यालाच डेलाइट फॅक्टर म्हणतात, बाहेरच्या उघड्या आभाळाच्या उजेडापैकी किती टक्के आत बाकावर पोचतो. वर्गात वाचायला-लिहायला ३०० लक्स धरतात. कॉरिडॉरकडच्या मुलाला २२. त्या ओळीत बसून मी माझ्याच वहीतले आकडे वाचायचा प्रयत्न केला आणि पेन्सिलीने लिहिलेलं दिसेना.

गंमत म्हणजे खोलीत शिरल्यावर अंधार वाटतो तो २२ लक्समुळे नाहीच. डोळा खिडकीतल्या झगझगीत आभाळाला सेट होतो आणि मग आतला कोपरा आहे त्यापेक्षा काळा दिसतो. म्हणजे फक्त खिडकी मोठी केली तर लक्स वाढतील पण अंधार "वाटणं" तसंच राहू शकतं. हे क्लायंटला समजावणं जाम अवघड जाणार.

आमची ज्युनियर फोनमधल्या अ‍ॅपवर पण मोजत होती, तिचे आकडे खिडकीजवळ बरे आणि आत भलतेच. फोनचा सेन्सर तिरका येणारा उजेड नीट पकडत नाही, त्याच्यावर ती पांढरी गोल टोपी नसते ना मीटरसारखी. अ‍ॅप बंद.

२४ जून

कागदावरचं गणित. सरासरी डेलाइट फॅक्टरचं जुनं सूत्र आहे, मला फार आवडतं कारण सॉफ्टवेअर उघडण्याआधी कुठे हात घालायचा ते त्यातून कळतं. काचेतून किती उजेड पार होतो गुणिले काचेचं क्षेत्रफळ गुणिले खिडकीतून आभाळाचा किती अंशाचा तुकडा दिसतो गुणिले काचेची स्वच्छता, आणि भागिले खोलीच्या आतल्या सगळ्या पृष्ठभागांचं क्षेत्रफळ गुणिले (१ वजा परावर्तनाचा वर्ग).

आपल्या खोलीत निव्वळ काच ३ चौ. मी., पारदर्शकता ०.८, आभाळ ४५ अंश (छज्जा आणि समोरची झाडं धरून), काच मळकी म्हणून ०.८. आतलं एकूण क्षेत्रफळ १८५.६, भिंती-छत-फरशी मिळून परावर्तन ०.४, कारण भिंती खालून अर्ध्यापर्यंत गडद चॉकलेटी ऑइलपेंट आणि छत कळकट. उत्तर ०.५५ टक्के. मोजलेल्याच्या आसपासच.

आता नुसता रंग बदला आणि काच पुसा. परावर्तन ०.६, स्वच्छता ०.९. एकही वीट न हलवता ०.८२. म्हणजे दीडपट. त्याच्यावर दक्षिणेला छज्जाच्या वर, बीमच्या खाली एक लांब पट्टी खिडकी, ४ चौ. मी. काच, एकूण १.९१. आणि कॉरिडॉरचं छप्पर वर्गाच्या छपरापेक्षा खाली आहे, तर त्याच्या वरच्या भिंतीत उत्तरेला अडीच चौ. मी. काच, तिथून आभाळ जास्त दिसतं म्हणून ६० अंश, त्याचे ०.९१. बेरीज २.८. ढगाळ दिवशी बाहेर १०,००० लक्स असेल तर आत सरासरी २८०. बास की.

खिडकीचा वरचा काठ खालच्या काठापेक्षा फार महत्त्वाचा. बाकाच्या उंचीच्या खाली असलेली काच बाकावर जवळजवळ काहीच देत नाही, ती फक्त फरशी आणि मुलांचे बूट उजळवते. उजेड आत किती जातो याचा ढोबळ ठोकताळा म्हणजे वरच्या काठाच्या उंचीच्या दीड ते अडीच पट. सध्या काठ २.१ वर, म्हणजे खात्रीचा उजेड तीन-सव्वातीन मीटरच. पट्टी घातली की काठ २.८ वर.

१ जुलै

मीटिंग. एका ट्रस्टी सरांचं म्हणणं, दक्षिणेची अख्खी भिंत काचेची करा, मॉडर्न दिसेल. मी जरा लांबच बोललो बहुतेक, पण बोलायला हवं होतं.

शाळेच्या उजेडाचं हे खूळ आजचं नाही. १८६७ मध्ये हर्मन कोहन नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरने तेव्हाच्या प्रशियातल्या ब्रेस्लाऊ भागात १०,०६० शाळकरी मुलांचे डोळे तपासून छापलं की वरच्या इयत्तेत जावं तसा लांबचं न दिसण्याचा दोष, म्हणजे मायोपिया, वाढत जातो, आणि बोट दाखवलं अंधाऱ्या वर्गांकडे. (कारण नेमकं काय यावर पुढे बरंच पाणी वाहून गेलं. चीनच्या ग्वांगझूमधली २०१५ ला आलेली चाचणी सांगते की शाळेत रोज ४० मिनिटं जास्त बाहेर काढल्यावर तीन वर्षांत नव्याने मायोपिया झालेल्या मुलांचं प्रमाण ३९.५ वरून ३०.४ टक्क्यांवर आलं. म्हणजे वर्ग कितीही उजळ केला तरी मैदानाला पर्याय नाही. आर्किटेक्टने हे स्वतःला अधूनमधून सांगावं.) मग इंग्लंडमध्ये १९४५ च्या नियमांत वर्गात किमान २ टक्के डेलाइट फॅक्टर हवाच असं आलं, आणि लोकांनी तो गाठायला काचेच्या पेट्या बांधल्या, उन्हाळ्यात भट्टी आणि थंडीत गारठा. १९७० च्या दशकात इंधन महागल्यावर लंबक उलटा गेला, खिडक्याच आकसल्या.

सरांनी मोबाइलवर ते प्रसिद्ध संशोधन दाखवलं, १९९९ चं, हेशाँग माहोन ग्रुप या सल्लागार संस्थेचं, की कॅलिफोर्नियातल्या कॅपिस्ट्रानो भागात सगळ्यात जास्त उजेडाच्या वर्गांतली मुलं वर्षभरात गणितात २० टक्के आणि वाचनात २६ टक्के वेगाने पुढे गेली. बरोबर आहे, आकडे तेच आहेत. पण त्याच मंडळींनी २००३ मध्ये कॅलिफोर्नियातल्याच फ्रेझ्नोत परत अभ्यास केला तेव्हा तो निकाल तसाच्या तसा आलाच नाही, उलट चकाकी, थेट ऊन आत येणं, पडद्यांवर शिक्षकाचा ताबा नसणं, असल्या गोष्टी निकाल खाली ओढताना दिसल्या. हा दुसरा भाग कोणी फॉरवर्ड करत नाही.

काचेची भिंत रद्द. छपरात स्कायलाइट पण नको म्हटलं, आडवी काच उन्हाळ्यातलं सगळ्यात कडक ऊन अंगावर घेते आणि पावसात गळते, दोन्ही तक्रारी मलाच येणार.

९ जुलै

१:२० चं मॉडेल. खोली ४० बाय ३० सेंटिमीटर, उंची १६. उजेडाच्या बाबतीत मॉडेल खरंच चालतं, कारण प्रकाशाच्या तरंगांच्या मानाने पुठ्ठ्याची खोली आणि खरी खोली दोन्ही अवाढव्यच, त्यामुळे रंग आणि मापं बरोबर ठेवली तर टक्केवारी तीच येते. वारा किंवा उष्णतेचं मॉडेल असं सरळ चालत नाही.

मीटरचा सेन्सर साडेतीन सेंमी जाड निघाला, म्हणजे खोलीत ठेवला की त्याचा माथा जवळपास बाकाच्या उंचीला. नशीब.

पहिली रीडिंग बघून आम्ही खूश, आतल्या ओळीत ३ टक्के! मग ज्युनियरने सगळ्या खिडक्या हाताने झाकल्या तरी मीटर ०.९ दाखवतंय. पुठ्ठ्यातूनच उजेड झिरपत होता आणि सांध्यांतून वेगळा. बाहेरून सगळीकडे फॉइल, कडांना काळी टेप, परत सगळं. आतली ओळ १.६. आनंद निम्मा पण आकडा खरा. झाकून शून्य येतंय का हे आधी बघायचं, दर वेळी.

१५ जुलै

पडद्याचा छडा लागला. बाईंशी निवांत बसून बोललो. थंडीच्या दिवसांत सकाळच्या पहिल्या दोन तासांना ऊन सरळ फळ्यावर येतं, मुलं ओरडतात "बाई दिसत नाही", पडदा ओढला जातो, पडदा ओढला की ट्यूब लागते, आणि मग तो पडदा परत उघडायचं कोणाच्या डोक्यात येत नाही. त्या तासाच्या बाई जातात, दुसरे सर येतात, त्यांना वाटतं असाच असतो. नंतर ऊन सरकून गेलेलं असतं, पण पडद्यामागून ते कळणार कसं. जानेवारीत ओढलेले पडदे जूनमध्ये तसेच. लायटिंगचंही तेच, माणूस खोलीत शिरताना बटण दाबतो, उजेड वाढला म्हणून उठून दिवा बंद करणारा क्वचितच.

म्हणजे आपली खरी लढाई थंडीतल्या सकाळच्या दोन तासांशी. ते दोन तास सांभाळले तर उरलेलं वर्ष आपोआप मिळतं, नाही सांभाळले तर २.८ टक्के काय आणि ५ टक्के काय, सगळं पडद्यामागे.

यावरून ठरलं: एका खिडकीकडून दोन कामं घ्यायची नाहीत. खालची खिडकी बाहेर बघायला, हवेला, तिला पडदा ठेवा, हवा तेव्हा ओढा. वरची पट्टी फक्त उजेडाची, तिला पडदाच नाही, आणि म्हणून तिच्यातून थेट ऊन कधीच येता कामा नये.

३ ऑगस्ट

पट्टीसाठी सूर्याची गणितं. २१ डिसेंबरला दुपारी सूर्य ४६.६ अंशावर (९० वजा २० वजा २३.४). सगळे दुपारचंच बघतात आणि फसतात. दक्षिणेच्या भिंतीला सकाळी नऊला सूर्य २८ अंशावर आणि बाजूला सरकलेला असतो, भिंतीच्या छेदात (भिंत उभी कापून बाजूने) बघितलं तर तो कोन भरतो ३८.६, आणि आठ वाजता फक्त २९. म्हणजे ०.६ मीटरच्या पट्टीला दुपारपुरता ०.५७ चा छज्जा बास, पण नऊचं ऊन अडवायला ०.७५ लागतो. (ही सगळी सूर्याची वेळ, घड्याळाची नाही, दोन्हीत फरक असतो आणि तो वर्षभर बदलतो.)

नऊ ही मर्यादा धरून ड्रॉइंग काढली. जुना छज्जा आता पट्टीच्या बरोबर खाली येतोय, त्याचा वरचा भाग पांढरा केला की तोच लाइट शेल्फ, त्याच्यावर पडलेला उजेड उसळून पट्टीतून छताला आणि छतावरून आतल्या ओळीला. फुकटात मिळालेली गोष्ट. लाइट शेल्फने एकूण उजेड वाढतो असं लोक समजतात, तसं फारसं होत नाही, तो खिडकीजवळचा थोडा कापतो आणि वाटणी जरा समान करतो.

२३ सप्टेंबर

आज एक विचित्र प्रकार. दिवस-रात्र समान असण्याचे दिवस, आणि या दिवसांत दक्षिणेच्या भिंतीसाठी तो छेदातला कोन दिवसभर एकच असतो, ९० वजा अक्षांश, म्हणजे ७०. आपल्या खिडकीला १.२ उंचीवर ०.६ चा छज्जा, तो ६३ अंशाच्या वरचं सगळं ऊन अडवतो. म्हणजे आज खोलीत ऊन शून्य.

आणि नऊ वाजता भिंतीलगत फरशीवर एक कवडसा. वितीपेक्षा थोडा कमी रुंद, खिडकीएवढा लांब, चांगला ठसठशीत.

मला वाटलं छज्जाचं माप चुकलं. टेप लावली, ०.६ बरोबर. सिल बरोबर. खिडकीलगतच्या बाकावरची मुलगी माझ्याकडे बघत होती, म्हणाली, "काका तो रोज येतो, दहाला जातो. आम्ही खडूने आखतो." खरंच, फरशीवर पुसट रेघा होत्या, एकाखाली एक, आणि प्रत्येकीपुढे तासाचा विषय. गणितची रेघ कुठे, मराठीची कुठे. तास किती उरला ते यांना घड्याळाशिवाय कळतं. माझ्या चार हजार ओळींच्या सिम्युलेशनपेक्षा तो खडू जास्त खरं बोलत होता.

२५ सप्टेंबर

नॉर्थची खात्री केली. पटांगणात ओळंबा टांगला, खाली कागद, सावलीचं टोक दर दहा मिनिटांनी टिंबत गेलो. सकाळी आणि दुपारी सावली जेव्हा सारख्याच लांबीची असते ती दोन टोकं जोडली की पूर्व-पश्चिम रेषा, तिला काटकोन म्हणजे खरी उत्तर. यज्ञवेदींच्या मापांच्या जुन्या ग्रंथांत, शुल्बसूत्रांत, शंकू म्हणजे खुंटी रोवून वर्तुळ काढून हेच करायला सांगितलंय, दोन-अडीच हजार वर्षं झाली तरी पद्धत चुकलेली नाही, ड्रॉइंगवरचा बाण मात्र चुकलाय. इमारत दक्षिणेला नाही, दक्षिणेपासून १४ अंश पूर्वेकडे फिरलेली आहे. जुन्या नकाशात कोणीतरी कागदाला समांतर बाण काढून टाकला आणि मी तो न तपासता उचलला. चूक त्याची तेवढीच माझी. पहिल्याच दिवशी ओळंबा टांगायला हवा होता, खर्च काय, एक दोरी.

१४ अंशांनी काय होतं? आजच्या तारखेला नऊ वाजताचा कोन ७० ऐवजी ५८.६ होतो, तळाशी २० सेंमी काचेवर ऊन, तोच कवडसा. दहाला कोन ६३ वर येतो, कवडसा गायब. त्या मुलीचं वेळापत्रक आणि माझं नवीन गणित मिनिटांच्या फरकाने जुळलं. आणि डिसेंबरात नऊचा कोन ३८.६ नाही, ३२.८. माझा ०.७५ चा छज्जा आता ०.९३ हवा. फळा पश्चिमेच्या भिंतीवर, ऊन आग्नेयेकडून, म्हणजे बाईंचं म्हणणं शब्दशः खरं होतं.

५ ऑक्टोबर

०.९३ चा छज्जा कोणी करून देणार नाही आणि तो स्वतःच आभाळ खाऊन टाकेल. त्याऐवजी पट्टीच्या बाहेर आडव्या पात्या. एक खोल छज्जा जे करतो ते अनेक उथळ पात्या मिळून करतात, पातीची रुंदी भागिले अंतर एवढंच बघायचं. १० सेंमी अंतराला १५.५ सेंमी रुंद पाती, ३२.८ अंशापर्यंतचं ऊन बंद. उजेड थोडा कमी होईल, होऊ दे. पण पात्यांचे वरचे भागही पांढरे, तेही उजेड छताकडेच टाकतात.

उत्तरेच्या वरच्या खिडकीला पण आता परत बघावं लागलं. इमारत फिरलीय म्हटल्यावर उत्तरेची भिंत पश्चिमेकडे वळलीय, म्हणजे जूनमध्ये दुपारी चारचं ऊन तिथून आत आणि मुलांचं तोंड पश्चिमेला. कोन येतो ५५ च्या आसपास, ०.४ उंचीच्या काचेला २८ सेंमी सावली हवी. काच भिंतीच्या आतल्या कडेला बसवली की भिंतीची २३ सेंमी जाडी हाच छज्जा, उरलेल्या पाचासाठी फ्रेमला वरून एक पट्टी पुढे. गवंडी म्हणाला काच नेहमी मधे बसवतात. म्हटलं या वेळी आत.

१२ नोव्हेंबर

एका वर्गाचं तोडकाम. आरसीसी फ्रेम असल्यामुळे पट्टीची भिंत नुसती भरणीची, तरी एका खांबाजवळ विटा पोकळ निघाल्या, दोन दिवस गेले. धूळ किती ते विचारू नका. मुलं पलीकडच्या वर्गात, एका बाकावर तीन तीन.

२० नोव्हेंबर

आजचा पराक्रम. वेल्डरने सुचवलं, छज्जावर पांढरा रंग कशाला, चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा टाका, जास्त उजेड जाईल. मलाही वाटलं बघू या. बाहेरच्या पात्या अजून लागल्या नव्हत्या. पत्रा टाकला, छतावर लखलखीत ठिगळ उमटलं, पाण्यावरून आल्यासारखं हलणारं. सगळे "वा वा". मग कोणीतरी पंखा लावला. ते ठिगळ पंख्याच्या बरोबर वर, पात्यांनी त्याचे तुकडे करून सगळ्या वर्गात फडफड फडफड, अर्ध्या मिनिटात माझंच डोकं गरगरायला लागलं. पत्रा काढला. मॅट पांढरा. आरशासारखी वस्तू उजेड एका जागी नेऊन आपटते, मॅट वस्तू तो पसरवते, वर्गात पसरलेलाच हवा. आणि पत्रा चार दिवसांत कबुतरांनी मॅट केलाच असता म्हणा.

३० नोव्हेंबर

रंगावरून वाद. शाळेचं म्हणणं खाली चॉकलेटी ऑइलपेंटच हवा, मुलं हात लावतात, पाय लावतात. मुद्दा खोटा नाही. तडजोड: फरशीपासून ०.९ पर्यंत फिकट मातकट, धुता येईल असा पण चमक नसलेला, त्याच्यावर ऑफ व्हाइट, छत एकदम पांढरं. खिडक्यांच्या मधली भिंत आणि खिडकीच्या कडा मुद्दाम पांढऱ्या, कारण गडद भिंतीत उजळ खिडकी असली की डोळ्याला तोच फरक टोचतो. फळ्याच्या मागची भिंत मात्र मधल्या छटेची, काळ्या फळ्याभोवती पांढरं शुभ्र नको.

२१ डिसेंबर

परीक्षेचा दिवस, आमच्या. पात्या लागल्या. साडेसातपासून वर्गात बसलो. आठ वाजता वरच्या पट्टीतून ऊन आलं, येणारच होतं, कोन तेव्हा २३ च आहे, पात्या ३३ पर्यंतच्या. फळ्याच्या भिंतीवर खिडकीच्या बाजूला उंचावर बारीक बारीक रेघा, फळ्याच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत. नऊला पाच मिनिटं असताना शेवटची रेघ गेली. खालच्या खिडकीतून फळ्यावर ऊन आलंच, बाईंनी सवयीने पडदा ओढला, आणि ट्यूबच्या बटणाकडे हात नेला. आणि थांबल्या. वर बघितलं. बटण दाबलं नाही. मी काही बोललो नाही, वहीत वेळ लिहिली, ८:४०.

८ जानेवारी

शेवटी एक ढगाळ दिवस मिळाला. बाहेर ९,००० लक्स. खिडकीलगत ३.६ टक्के, मधे १.९, कॉरिडॉरकडे १.४. सरासरी २.३. कागदावर २.८ होतं, पात्यांनी खाल्लं आणि बाकीचं मुलांच्या दप्तरांनी, भिंतीवरच्या तक्त्यांनी, रिकाम्या खोलीचं गणित भरलेल्या वर्गाला लागत नाही. पण आधी खिडकीजवळ आणि आत यात जवळपास दसपट फरक होता, आता अडीचपट. मला २.३ पेक्षा हा आकडा जास्त आवडला. कॉरिडॉरकडच्या ओळीत १२६ लक्स, म्हणजे अशा दिवशी तिथे ट्यूब लागणार, लागू दे.

फक्त ट्यूबची वायरिंग आडवी आहे, एक बटण दाबलं की खिडकीपासून कॉरिडॉरपर्यंतच्या सगळ्या लागतात. ती खिडकीला समांतर करून घ्यायची, कॉरिडॉरकडची ओळ वेगळ्या बटणावर. सेन्सर बसवू का असं विचारलं गेलं, नको म्हटलं, बिघडला की कोणीतरी टेप लावून ठेवणार.

१९ जानेवारी

वायरिंग झाली. बाकीचे पाच वर्ग पुढच्या सुट्टीत. छज्जाचा पांढरा आत्ताच करडा दिसायला लागलाय, दरवर्षी पाऊस संपल्यावर एक हात मारायचा असं देखभालीच्या कागदात घातलं, कोण करेल ते नाव घालायला लावलं.

फरशी नवीन झाल्यावर जुन्या खडूच्या रेघा गेल्या होत्या. आज बघितलं तर नवीन आखायला सुरुवात झालीय, आणि आता दोन ठिकाणी, खाली फरशीवर एक आणि फळ्याच्या भिंतीवर, स्टुलावर चढून, पट्टीतून येणाऱ्या आठच्या रेघांसाठी एक. त्या भिंतीवर खडू नीट दिसत नाही म्हणून पेन्सिल वापरलीय. मुख्याध्यापक सर चिडलेत. मी त्यांना म्हटलं जूनपर्यंत पुसू नका, दुपारी चारला उत्तरेकडून काय येतंय ते मला त्याच भिंतीसमोर बघायचंय.